देवळातला घुमारा

जुलै महिन्यात माणसाने दुपारी झोपावं, एवढी साधी गोष्ट परदेशी पाहुण्यांना का कळत नाही, हे गारुफालियाला सगळी नोकरी संपत आली तरी उमगलं नव्हतं. ग्रीसमधल्या एका डोंगरावरच्या, हजारो वर्षांच्या पडक्या देवळाची ती राखणदार. तीन वाजले की फाटकाला कुलूप लावायचं, गावात उतरायचं, दोन घास खायचे आणि आडवं व्हायचं. त्या वेळी गावातलं कुत्रंसुद्धा भुंकत नाही. पण पाठीवर बोचकी बांधून पायवाटा तुडवणारे ते लालबुंद लोक नेमके तेव्हाच कुंपणापाशी जाऊन उभे राहत, आणि मग खाली कॉफीच्या दुकानात येऊन सांगत की देऊळ घुमतंय.

एक म्हणे दगडातून कण्हल्यासारखं येतं. दुसरी म्हणे जमिनीखाली मंत्र चालू आहेत. तिसऱ्याने तर कुंपणातून आत घुसून खांबाला मिठी मारली होती आणि त्याला रडू कोसळलं होतं. गावातलं कुणी बघायला जाईल म्हणता? छे. भर दुपारी त्या खांबांत पऱ्या फिरतात आणि त्यांच्याशी बोलणाऱ्याची वाचा नेतात, हे इथे पोराटोरांना ठाऊक. शिवाय झोप कोण मोडणार? त्यामुळे आवाज फक्त परक्यांना ऐकू यायचा, आणि त्याचा जाब गारुफालियाला द्यावा लागायचा. गावचे अध्यक्ष तासोस यांना पाहुणे ओढायला वाटेवर 'घुमणारं देऊळ' अशी मोठी पाटी लावायची घाई झालेली. पाद्रीबाबांना मूर्तिपूजकांची भुतं दिसत होती. पुरातत्त्व खात्यातून फोन आला तेव्हा ती म्हणाली, वारा असेल. साहेब म्हणाले, बाई, जुलैत तुमच्याकडे वारा कुठला? पुढच्या आठवड्यात अथेन्सहून दोघं जण यंत्रं घेऊन येतील.

गारुफालियाच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच दुपारी ती झोपलीच नाही. नवरा स्वयंपाकघरातल्या बाकड्यावर पडला असेल म्हणून पाय न वाजवता बाहेर पडली आणि चिडचिड करत चढण चढली. झाडांवरचे किडे कानठळ्या बसवत होते, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि जो कुणी हा उद्योग करतोय त्याला काय काय ऐकवायचं याची तिने वाटभर उजळणी केली.

मागच्या बाजूला, बायका रानातला ओवा आणायला जिथून शिरतात तिथे, कुंपण वाकलेलं होतं. ती आत शिरली आणि थबकली. आतल्या खोलीच्या पडक्या भिंतीआड तोंड दगडाकडे करून एक म्हातारा गात होता. पाठ ओळखायला तिला क्षणही लागला नाही. त्या सदऱ्याचं ठिगळ तिनेच लावलेलं होतं.

लिंबेरिस. तिचा नवरा. उभं आयुष्य गावच्या चर्चमध्ये स्तोत्रं गायलेला माणूस. गेल्या वर्षी गुड फ्रायडेला, अख्खं गाव मेणबत्त्या धरून उभं असताना, त्याचा आवाज मध्येच फाटला. एक पोरगं हसलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या, ते त्याला जास्त लागलं. ईस्टरला शहरातून एक तरणा गायक आला, मायक्रोफोनसकट. त्यानंतर लिंबेरिसने चर्चचा उंबरा ओलांडला नाही. गाणं सोडलं, आणि गाण्याबरोबर बोलणंही सोडलं. हो, नाही, मीठ दे. वर्षभर गारुफालिया एका फर्निचरबरोबर संसार करत होती.

आणि ते फर्निचर इथे गात होतं! आवाज वर गेला की फाटत होता, पण खालच्या सुरांना दगड धरून ठेवत होते, मोठे करून परत देत होते. त्याला पऱ्यांची भीती कशाची? जे न्यायचं ते आधीच गेलं होतं. तिला त्याचा इतका राग आला की डोळे भरून आले. पण ती तशीच मागे फिरली. ऐकलं असं कळलं, तर हा माणूस उरलेला आवाजही गिळून टाकील, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

आता त्या यंत्रवाल्यांचं काय करायचं? ते येऊन त्याला भिंतीआडून काढणार, वर्तमानपत्रात फोटो छापणार, गाव दुसऱ्यांदा माना खाली घालणार. ते यायच्या दिवशी तिने त्याला सकाळच्या बसने शहरात त्याच्या बहिणीकडे पाठवलं, छपराच्या कौलांचं निमित्त करून. आणि हा पठ्ठ्या दुपारच्या बसने परत. का रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, "बडबडते फार."

अथेन्सहून आलेल्यांत एक दाढीवाला होता आणि एक इओली नावाची चुणचुणीत मुलगी. त्यांनी पुढच्या बाजूच्या खांबाखांबांशी मायक्रोफोन लावले. तीन वाजून गेले तरी हलेनात. गारुफालियाला त्यांच्यासाठी थांबावं लागलं. ती झाडू घेऊन नुसती इकडून तिकडे करत होती आणि मनात म्हणत होती, आज नको रे, एक दिवस तरी झोप मेल्या.

तेवढ्यात घुमारा सुरू झाला. दाढीवाल्याने हात वर केला. इओली डोळे विस्फारून उठली आणि आतल्या खोलीकडे निघाली.

गारुफालिया तिच्या आधी पोचली. झाडू आपटत, नरडं ताणून, तिने स्वतःच हुंकार धरला. स्तोत्राखाली जो एकच स्थिर स्वर धरतात, तसा. चर्चमध्ये बायकांना गायकांच्या रांगेत कधी उभं केलं नव्हतं, पण कान काही बंद नव्हते. भिंतीपलीकडचा आवाज दचकून थांबला. ती मात्र हुंकारत बाहेर आली, थेट मायक्रोफोनसमोर.

"मीच ती," ती म्हणाली. "झाडताना गुणगुणायची सवय आहे. तुम्ही आहात हे विसरलेच."

इओली म्हणाली, पण सगळे पुरुषाचा आवाज म्हणतात.

"माझा असाच आहे. पाहिजे तर गावात विचारा."

खात्याकडून समज आली, की राखणदाराने पुरातन स्थळी गोंगाट करू नये. वर्तमानपत्रात तिचा झाडूसकट फोटो आला. पाटीवर पाणी पडलं म्हणून तासोस तिच्याशी बोलेनासे झाले. कॉफीच्या दुकानावरून जाताना म्हातारे मिशीत हुंकारायचे, आणि शेजारची कानेला विचारायची की पुढचा कार्यक्रम कधी. गारुफालिया प्रत्येकाला तिथल्या तिथे फटकारत होती. घरी लिंबेरिस मात्र तसाच. तो देवळाकडे फिरकेना, आणि एक चकार शब्द नाही. म्हणजे इतकं करून काय मिळवलं, तर ते गाणंही बंद पडलं. तिला जिवाचा संताप होत होता, आणि खाली कुठेतरी भीती वाटत होती.

रविवारी जेवताना त्याने घेवड्याच्या कालवणात पाव बुडवला आणि तो तसाच धरून बसला.

"फार वर धरलास," तो म्हणाला.

"काय?"

"स्वर. खालचा स्वर हलायचा नसतो. तू दोनदा घसरलीस. आणि श्वास असा मध्येच तोडतात होय?"

कालवणाचं भांडं त्याच्या डोक्यात घालावं असं तिला वाटलं. तिने त्याच्यापायी गावभर हसं करून घेतलं, आणि वर्षभरात हा पहिल्यांदा इतकं बोलला, ते खोट काढायला!

"मग तू कशाला गप्प बसलास? शिकवायचं होतंस लग्न झाल्याझाल्या."

"आता शिकवतो," तो म्हणाला. "तोंड मीट. नाकातून धर. मी हात करीन तोवर सोडू नकोस."

त्याने घसा खाकरला आणि जेवणाच्या टेबलावरच सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीला आवाज चरचरला. गल्लीत दुपारची सामसूम होती, कानेलाची खाट भिंतीला लागूनच होती. गारुफालिया झटक्यात खिडकी लावायला उठली.

"राहू दे उघडी," लिंबेरिस म्हणाला. "तू स्वर धर."