उलट्या एकांची सरस्वती

आधीच सांगते, अंगात येणं, भानामती, नजर... असल्या थोतांडाचा मला मनस्वी तिटकारा आहे. पण आता वय झालं, हे लिहूनच टाकते. हसायचं तर खुशाल हसा!

१९३५-३६च्या सुमारास मी पंचवटीतल्या मुलींच्या शाळेत मराठी सहावीत होते. हरसूलची सखू आमच्याच आळीत मामाकडे राहून शिकायची. ती डावखुरी. एकाचा आकडासुद्धा उलटा काढायची, आरशात दिसतो तसा. त्यावरून वकिलांच्या वत्सलानं आणि तिच्या मैत्रिणींनी तिला नुसतं छळलं. "डावरी, डावरी" म्हणत तिचा हात रिबिनीनं बाकाला बांधायच्या. दोनदा तिची पाटी फोडली. मामानं बजावलं होतं — आणखी एक पाटी फुटली की शाळा बंद, हरसूलला परत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन. १ ला १ जोडून आम्ही सगळ्यांनी पाटीवर सरस्वती काढली. सखूचे सगळे १ उलटे.

"देवीला डावा हात लावतेस?" वत्सलानं तिची पाटी हिसकली आणि दगडी पायरीवर आपटली! माझ्यापासून दोन हातांवर.

बाई धावत आल्या. "कुणी फोडली?"

"तिच्याच हातून पडली, बाई," वत्सला म्हणाली.

"नाय बाई! हिला इचारा, हिनं बघितलंय." सखूनं माझ्याकडे बोट केलं.

मी... मान खाली घालून उभी राहिले. उद्यापासून वत्सला माझ्याही मागे लागेल, ही भीती! आग लागो त्या भीतीला.

त्याच दुपारी मामानं सखूला हरसूलच्या बैलगाडीत बसवलं.

पूजेतल्या पाटीला दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. बाईंनी पाट्या मांडलेल्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली त्यांच्याच कमरेला. दसऱ्याला सकाळी आम्ही आपट्याची पानं घेऊन गेलो. बाईंनी आमच्यादेखत कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच थबकल्या. पाटीपाटीवरचे १ उलटे! वत्सलानं भोकाड पसरलं. रड म्हणावं, रड!

"उंदरांचं काम," शिपाई म्हणाला. उंदीर पेन्सिल धरतात होय?

एकच पाटी वेगळी होती. माझी. चौकटीवर नाव होतं म्हणून ओळखू आली. तिच्यावर एकही १ नव्हता. काहीच नव्हतं.

सखू मला पुन्हा कधी भेटली नाही. हे कुणी केलं, कसं केलं, मला आजही सांगता येत नाही. पण माझीच पाटी कोरी का, ते मात्र मला तिथं उभ्या उभ्याच कळलं होतं.