काळ्या पट्ट्यांचा झेंडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही रोझाआजींना ओळखत नाही.

त्या इथे जर्मनीत, डार्मश्टाटला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्यांच्या आईची भाषा यिडिश — युरोपातल्या ज्यूंची, जर्मनच्या जवळची. ती बोलणारी माणसं या देशाने कशी संपवली, ते मी वेगळं सांगायला नको. या भाषेला स्वतःचा देश नाही, त्यामुळे सरकारी झेंडाही नाही. प्रेमापोटी लोकांनीच आपापले केलेत. आजींनी स्वतः शिवलेला पांढरा आहे, त्यावर प्रार्थनेच्या शालीवर असतात तसे काळे पट्टे आणि मधे सात फांद्यांचा दिवा. राज्य नाही, सैन्य नाही — नुसती शाल आणि दिवा! भाषेचं याहून सुंदर चिन्ह मी तरी पाहिलेलं नाही.

मग मी असं का केलं?

गेल्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या पाडव्याला मीच त्यांना गायला बोलावलं होतं. त्या झेंडा घेऊनच आल्या. मंचावर तो लावायला लागल्या, तेव्हा पुण्याहून आलेल्या माझ्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, सणाच्या दिवशी काळं कशाला?" बस, एवढंच. काढ म्हणाल्या नाहीत. पण चार लोकांनी माना वळवल्या — आणि मी घाबरले. खरं कारण आजींना सांगायचीही लाज वाटली. म्हणून थाप मारली — हॉलवाले झेंडे लावू देत नाहीत.

जर्मनीत. त्यांना! आणि माझ्या मागेच जरीच्या खणाची गुढी उभी.

आजींनी गुढीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाल्या आणि झेंड्याची घडी घालून कोटाच्या आत ठेवली. मग काय गायल्या! माझ्याशी फक्त जर्मनमधून बोलणारी माझी लेक पुढे जाऊन बसली; अर्धे शब्द तिला कळत होते. आजींचं इतकं कौतुक वाटलं, आणि स्वतःची इतकी किळस.

यंदाही त्या आल्या, रिकाम्या हातांनी. लेकीने विचारलं, झेंडा का नाही आणला?

"इथे परवानगी नाही, बाळा. तुझ्या आईने खूप प्रयत्न केला होता."

त्यांना खरंच तसं वाटतं — की त्या मला सांभाळून घेतात? लेकीने वळून माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.