खारी माती

माझं माहेर अंजनगावचं, पानमळ्यांच्या शेजारचं, गोड्या पाण्याचं. लग्न होऊन मी भातकुलीच्या बाजूला पूर्णेकाठच्या एका खेड्यात आले आणि पहिल्याच दिवशी सकाळी चुलीवर ठेवलेली डाळ दुपार कलली तरी शिजेना. सासूला वाटलं, सुनेला स्वयंपाक येत नाही. मला वाटलं, आपलं काही इथे जमायचं नाही. दोष विहिरीचा होता. तिकडचं पाणी खारं, आणि माती त्याहून खारी. डाळीपुरतं पाणी नदीच्या वाळूत झिरा खणून आणायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर मी त्या खाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

ही आठवण मी सांगते आहे आणि माझी लेक लिहून घेते आहे. तिला अक्षर येतं, मला येत नाही. माझी बोली ती सरळ करते, करू दे. पण माणसं बोलतात तिथे मी तिला हात लावू देत नाही.

आमच्या गावची घरं धाब्याची होती. मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर काड्या-तुऱ्हाट्या आणि सगळ्यावर खाऱ्या मातीचा थर. ही माती पाणी आत घेत नाही. काळ्या मातीचं छत पहिल्या आठवड्यातच गळायला लागेल, खाऱ्या मातीचं टिकतं. पण ती दर उन्हाळ्यात नव्याने टाकावी लागते. आमच्या गल्लीत सहा घरं होती आणि हे काम सावडीनं चाले. सावड म्हणजे आज सगळ्यांनी तुझ्या घरी राबायचं, उद्या माझ्या. ज्याची गाडी असेल त्याने गाडी द्यायची, नसेल त्याने अंगमेहनत द्यायची. मजुरी नाही, नुसती बारी, म्हणजे पाळी.

आमच्या शेजारी एक विधवा माळीण राहायची. वय झालेलं, मूलबाळ नाही, नदीच्या उतरणीवर वांग्या-मिरच्यांची लहानशी वाडी. तिची जीभ मिरचीहून तिखट होती. मी खाऱ्या पाण्याबद्दल कुरकुरले की म्हणायची, "अंजनगावची राणी आली व माय." गाडीबैल तिच्याकडे नव्हते, पण माती पसरण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पाणी कुठून वाहील ते छतावर उभं राहून तिला नुसतं दिसायचं.

माझ्या लग्नानंतरच्या त्या साली लोकांना कापसाचं खूळ लागलं होतं. समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्याचा झाला होता. भाव ऐकून लोकांनी ज्वारी मोडली, भाजीपाला मोडला, परसातसुद्धा सरकी टोचली. गावातल्या निम्म्या गाड्या कापूस घेऊन अमरावतीच्या वाटेला आणि उरलेल्या अकोल्याकडे, आगगाडीच्या रस्त्याची माती ओढायला. माझे सासरे शांत, सरळ माणूस, पण त्या उन्हाळ्यात त्यांचाही पाय घरात ठरेना. माळणीने माघात आमच्या शेतात चार दिवस शेवटचा कापूस वेचून दिला होता. त्या बदल्यात वैशाखात आमची गाडी तिच्या छतासाठी जायची होती. ती दारात येऊन विचारायची, "काहून, बुवा, गाडी केव्हा?" सासरे म्हणायचे, "उद्या आणतो." उद्या म्हणता म्हणता मृग लागला. तिच्या छतावर माती पडली नाही. आमच्याही पडली नाही, गल्लीतल्या कुणाच्याच नाही.

श्रावणात तीन दिवस पावसाने डोळा उघडला नाही. मला नववा लागला होता. पहिलटकरणीने बाळंतपणाला माहेरी जावं ही रीत, आणि माझे वडील न्यायला यायचे होते. नदीने वाट बंद केली. तिसऱ्या दिवशी सकाळी पूर्णेचं पाणी नाल्याने मागे फिरून गावात शिरलं. सगळं गाव जुन्या गढीच्या टेकाडावर चढलं. माणसं, गुरं, कोंबड्या, देव्हाऱ्यातले टाक. आणि आमच्या घरच्यांनी काय वर नेलं, तर कापूस. भाव आणखी चढेल म्हणून राखून ठेवलेली ओझी सासऱ्यांनी आणि माझ्या नवऱ्याने छातीएवढ्या पाण्यातून वाहिली. ज्वारी खालीच राहिली. मला त्या ओझ्यांवर बसवलं. मऊ होतं, खोटं कशाला सांगू.

गावात पाणी दिवसभरच होतं. आमच्या भिंतींचा पाया दगडी, एवढ्याने त्या पडायच्या नव्हत्या. पण वरून तीन दिवस छत गळून भिंती आधीच भिजल्या होत्या, आणि खालून पूर. दोन्हीकडच्या पाण्यात त्या बसल्या. संध्याकाळी आम्ही गढीवरून बघत होतो, एकेक घर गुडघे टेकत होतं. आमची सोप्याकडची बाजू गेली, मग माजघर. माळणीची एकच मागची भिंत पडली, पण पाणी उतरताच सवयीने घरी पळालेली तिची दुभती शेळी त्या भिंतीखाली गेली. तिने सासऱ्यांकडे एकदा पाहिलं, आणि सासरे दुसरीकडे बघायला लागले. ती चूक कुणाची, हे मलाही ठाऊक होतं.

पुढचे दिवस गढीवरच काढले. ओल्या ज्वारीला वास सुटला होता, तरी तीच धुऊन, वाळवून, भरडून खाल्ली. झिरे सगळे गाळाने बुजले होते. बायांनी मिळून नवा खणला, आणि एरवी वेगवेगळ्या झिऱ्यांवर जाणाऱ्या बाया तेवढे दिवस एकाच झिऱ्यावर रांग लावून उभ्या राहिल्या. आमच्या कापसाला भिजून कोंब फुटले. पांढऱ्या ओझ्यातून हिरवी पानं वर आली तेव्हा सासूने कपाळावर हात मारला आणि मग हसतच सुटली. "घ्या, गढीवरच पीक आलं," म्हणाली. सासरे हसले नाहीत.

नदी पात्रात परतल्यावर गावपाटलांनी सगळ्यांना बसवलं. म्हणाले, आता मजूर मिळायचा नाही, प्रत्येक गल्लीने आपली सावड उभी करावी. आमच्या गल्लीत पहिली बारी कुणाची, हा प्रश्न आला. सासऱ्यांनी खाली मान घालून सांगितलं, "सुनेचे दिवस भरत आले हायेत. पयले आमचं घर झालं तर बरं होईन." लोकांना ते पटलं. मी पदराआडून सुटकेचा श्वास सोडला. ओल्या टेकाडावर, आडोशावाचून बाळंत होण्याची मला फार भीती वाटत होती. रोज उठले की पहिला तोच विचार.

तेवढ्यात माळीण बोलली. "पयली बारी माही. वैशाखात चुकली, ते आता भरून द्या."

सासऱ्यांनी मान वर केली नाही, पण म्हणाले, "बराबर हाये. पयली बारी तिची."

मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. माझ्या पोटाकडे बघूनही तिला दया आली नाही, असं वाटलं. सासू मला थोपटत होती आणि माळणीला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटत होती.

ऊन पडलं. चिखलात गाडीचं चाक फिरेना, म्हणून गावाबाहेरच्या उंचवट्यावरून खारी माती टोपल्यांनी डोक्यावरून आणायची ठरलं. पुरुषांनी मागची भिंत उभारली, लाकडं बसवली. माळीण छतावर चढली आणि तिथून हुकूम सोडू लागली. सासरे, ज्यांना गावात कुणी अरे म्हणत नसे, ते डोक्यावर टोपली घेऊन शिडीखाली उभे. वरून ती म्हणायची, "हे ढेकळं कोन खाईन? बारीक करून आन." ते मुकाट्याने परत जायचे, बारीक करून आणायचे. गढीवरून आम्हाला सगळं दिसत होतं. सहाव्या दिवशी छत पुरं झालं.

त्याच दुपारी ती गढीवर आली. हात कोपरापर्यंत खाऱ्या मातीने पांढरे. सासूला म्हणाली, "चाल, पोरीले उचल. आत चूल पेटवून ठेवली हाये."

सासूने विचारलं, "अन् तू?"

"मी सोप्यात पडीन. मले का बाळंत व्हाचं हाये?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुमचं घर मोठं. उभं व्हाले महिना लागते. तू थांबतं का महिनाभर? माही एक खोली, तीन भिती शाबूत. लवकर होनारं तेच होतं. बैठकीत हे सांगतलं असतं तं तुह्या सासऱ्यानं ऐकलं नसतं. मोठेपणापाई आपलंच घर पयले बांधाले काढलं असतं."

मी रडले. ती म्हणाली, "रडू नोको. पयलं बाळंतपन माहेरी असते ना, मंग हे माहेर समज. लुगडं मातर भेटनार नाई, कोठून देऊ?"

तिथे गेल्यावर नवव्या दिवशी माझी लेक त्या खोलीत जन्मली, आणि त्या दिवशी पुन्हा धो धो पाऊस होता. कळा देताना माझे डोळे वर छताकडे लागलेले. एक थेंबही आत आला नाही. ज्या खाराला मी वर्षभर शिव्या दिल्या, त्याच्या पोटाखाली मी कोरडी होते. बाळ हातात घेऊन माळीण म्हणाली, "अंजनगावची राजकन्या आली." तीच लेक हे लिहिते आहे, आणि या वाक्याशी तिची लेखणी थांबली आहे.

पुढे लढाई संपली, कापसाचा भाव उतरला, गाव पुन्हा ज्वारी पेरायला लागलं. आमच्या घरी मात्र एक नेम पडला. वैशाखात खाऱ्या मातीची पहिली गाडी माळणीच्या दारी. आमचं छत मागाहून. सासरे स्वतः ओतायचे आणि ती वरून ढेकळांवरून बोलायची. ते ऐकून घ्यायला त्यांना आवडायचं, हे मला फार उशिरा कळलं.

ती एका हिवाळ्यात गेली. खोलीला कडी लागली, वाडी दुसऱ्या कुणी केली. वैशाखात मी पाण्याची घागर घेऊन निघाले तर सासऱ्यांनी गाडी तिच्याच दारात उभी केलेली. म्हातारे झाले होते, एकटेच छतावर बसून हाताने ढेकळं फोडत होते, बारीक, अगदी बारीक. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी समोर उभी राहून क्वचितच बोलले असेन, पण तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, "मामाजी, आता इथं कोन राह्यते?"

त्यांनी हात थांबवला नाही. "एक बारी चुकली होती माही," म्हणाले.

मी घागर खाली ठेवली, पदर खोचला आणि टोपली भरून त्यांच्या हाती वर दिली.