खंडेनवमीला काढलेला प्लग

नांदेडात माझं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. लोह्यातल्या एका फोटो स्टुडिओची यंत्रंही मीच बघतो. स्टुडिओवाल्यांना मी दादा म्हणतो, त्यांच्या बायकोला वहिनी. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला मी या वहिनींवर खोटा आळ घेतला. तो अजून तसाच आहे.

दादांकडे दोन हार्डडिस्कचा एक काळा डबा आहे, पोळ्यांच्या डब्याएवढा. स्टुडिओतले तिन्ही कम्प्युटर फोटो त्यातूनच घेतात आणि त्यातच ठेवतात. त्या वर्षातली सगळी लग्नं त्यात होती, बऱ्याच घरांचे अल्बम अजून व्हायचे होते. खंडेनवमीला त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. पूजेला वेळ होता, म्हणून मी हौसेनं डब्याचं फर्मवेअर नवं टाकायला घेतलं. फर्मवेअर म्हणजे डबा चालू केल्याबरोबर आधी जागं होतं ते सॉफ्टवेअर; ते बिघडलं की डबा उठतच नाही. पडद्यावर स्पष्ट लिहून आलं, काम संपेपर्यंत वीज बंद करू नका. हेच वाक्य मी गिऱ्हाइकांना डोळे वटारून ऐकवत आलोय.

बाहेरच्या खोलीत सतरंजीवर कॅमेरे, लेन्स, लाईट मांडून झाले, प्रत्येकावर झेंडूचं फूल. दादांनी हाक मारली, "अरे, आण की डबा! आरती थांबून राहिली तुझ्यापायी." चालू यंत्राला कुंकू लावायचं नाही, त्या दिवशी हत्यारानं विसावा घ्यायचा, हा त्यांच्या घरचा नियम. पडद्यावरची पट्टी बरीच पुढे सरकली होती. आता राहिलंय काय, असं म्हणून मी प्लग ओढला. भूकही लागली होती, खोटं कशाला सांगू.

वहिनींनी डब्याला हळदकुंकू लावलं, फुलानं पाण्याचे थेंब शिंपडले. आरती झाली. मी डबा परत लावला, तर नारिंगी दिवा नुसता लुकलुकत राहिला. दहा मिनिटं झाली तरी तेच.

"काय झालं रे?" दादांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. डब्यावर एक थेंब अजून तसाच होता.

"पाणी गेलं वाटतं आत," मी म्हणालो.

दादा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते वहिनींकडे बघत राहिले. वहिनी पदरानं डबा पुसायला लागल्या. "लई न्हाई टाकलं ओ पाणी. थेंबच टाकले की," असं त्या परत परत म्हणत होत्या. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना वाढलं आणि स्वतः ताटावर बसल्याच नाहीत. मी मात्र पोटभर जेवलो.

दसरा झाल्यावर डबा पिशवीत घालून मी लातूरची बस धरली. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, ते उस्ताद तिथं बोर्ड दुरुस्त करतात. त्यांनी स्क्रू काढले, भिंगातून आत पाहिलं. "पाणी कुठाय? धूळ हाय नुसती." मग बोर्डावरच्या बारीक पिनांना तीन वायरी लावून त्या लॅपटॉपला जोडल्या. डबा चालू होताना स्वतःशी काय बडबडतो, ते काळ्या पडद्यावर उमटायला लागलं. उस्तादांनी शांतपणे सगळं वाचलं.

"नवं लिहून घेत होता बिचारा, मधीच बंद पाडलाय. कुणी काढला प्लग?"

"लाईट गेली असंल," मी म्हणालो. दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

उस्तादांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विषय सोडला. मूळ फर्मवेअर वायरीवरून पहिल्यापासून भरायला घेतलं. मग मला म्हणाले, "तू हितं बस. प्लगला कुणी हात लावता कामा न्हाई." इतकी वर्षं धंद्यात घालवलेला मी पाऊण तास भिंतीशी स्टुलावर प्लगची राखण करत बसलो. शेवटी दिवा हिरवा झाला. डिस्कला काहीच झालेलं नव्हतं. सगळी लग्नं जागच्या जागी होती.

परतीच्या बसमध्ये ठरवलं, खरं सांगून टाकायचं. अहमदपूर येईपर्यंत वाक्यही जुळवून झालं. लोह्यात डबा सुरू झाला तशी दादांनी मला मिठीच मारली. वहिनी नारळ घेऊन आल्या, डोळे भरलेले. "भाऊजी, माझ्या हातानं वाटोळं झालं होतं. तुमी वाचवलं."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी नारळ घेतला. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, तरी घेतला.

यंदाही खंडेनवमीचं बोलावणं आलं. या वेळी डबा रीतसर बंद करून सतरंजीवर ठेवला. वहिनींनी एकेका कॅमेऱ्याला कुंकू लावलं, डब्यापाशी येऊन थांबल्या आणि ताट माझ्यापुढे धरलं.

"ह्याला तुमीच लावा, भाऊजी. माझा हात नको."

"शिकली बघ," दादा हसून म्हणाले.

मी कुंकवात बोट बुडवलं आणि डब्याला लावलं. बोट जरासुद्धा थरथरलं नाही.