नितीनदादाने त्या सकाळी मागितलेली रजा

नितीनदादा डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये, खुर्चीतच वारला. डॉक्टर दहा पावलांवर होते, आणि वीस-पंचवीस मिनिटं कोणाला कळलंच नाही.

सगळ्यांना वाटलं, औषध कंपनीचा एमआर आहे, बसल्या बसल्या डोळा लागला असेल.

आज वर्ष झालं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नितीन सकपाळ. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, गोरेगाव ते बोरिवली, बावीस वर्षं फिल्डवर. मी ट्रेनी म्हणून आले तेव्हा डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरायचं कसं, हे मला त्याने शिकवलं.

"औषधाचं नंतर बोल गं. आधी डॉक्टरच्या तोंडाकडे बघ. दमलेला दिसला तर सँपल ठेव आणि निघ. पुढच्या वेळी तोच तुला बसवून घेईल."

काही वर्षांनी मी त्याचीच मॅनेजर झाले. मला वाटलं, रागावेल. पहिल्या मीटिंगला सगळ्यांसमोर मालवणीत ओरडला, "काय गो, बॉस झालंस!" आणि सगळ्यात आधी टाळ्या त्यानेच वाजवल्या.

मग लॉकडाऊन. डॉक्टरांशी भेटी व्हिडिओ कॉलवर.

त्याला ते अजिबात जमायचं नाही. एकदा मला फोन करून म्हणाला, "प्राजू, आज पंधरा मिनिटं पंख्याशी बोललो. डॉक्टरने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि गेला ना कुठेतरी!"

दुसऱ्या लाटेत त्याला स्वतःलाच कोविड झाला. अकरा दिवस ऑक्सिजनवर होता. घरी आला, बारीक होऊन.

पुढे वरून ऑर्डर आली. व्हिडिओ कॉल बंद. रोज दहा डॉक्टर, प्रत्यक्ष भेटायचे. कुठे किती वेळ उभे होतात ते ॲप दाखवणार.

खरं सांगू? सगळ्यात जास्त खूश तोच झाला होता. नवीन शर्ट शिवून घेतला त्याने.

पण क्लिनिकं बदलली होती. दारावर बोर्ड. 'एमआर फक्त मंगळवार, एका वेळी एकच.' कुठे 'एमआरनी खाली थांबावे.' जिथे त्याला खुर्ची मिळायची तिथे तो जिन्यात उभा राहायला लागला.

त्याच्या वीस वर्षांच्या ओळखीच्या एका डॉक्टरने काचेमागून म्हटलं, "व्हॉट्सॲपवर टाक ना रे. यायची काय गरज?"

हे त्याने मला हसत हसत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं. तेव्हा हसला नाही.

एकदा कांदिवलीत आम्ही दोघं बरोबर फिरत होतो. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला आणि बॅगेत काहीतरी शोधायला लागला.

"काय शोधतोयस?"

"पेन गं."

पेन त्याच्या खिशाला होतं. मला दिसत होतं.

मी पुढे चढत राहिले. आम्हाला अजून चार डॉक्टर करायचे होते.

आणि मग तो शुक्रवार. सकाळी आठला त्याचा मेसेज.

"प्राजू, झोप नाही लागली. दम लागतोय. आज रजा घेऊ का?"

महिन्याचा शेवटचा दिवस. माझ्या टीमचे कॉल, म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, कमी पडत होते. दोन पोरांनी आधीच आजारी म्हणून कळवलं होतं, आणि ती खोटं बोलतायत हे मला माहीत होतं.

मी लिहिलं, "दादा, आज नको ना यार. आजचा दिवस काढ, उद्या नक्की घे."

त्याने अंगठा पाठवला.

दुपारी त्याच्या नंबरवरून फोन आला. मी उचलत म्हटलं, "बोल दादा, किती झाले?"

बोरिवलीच्या त्या क्लिनिकची रिसेप्शनिस्ट होती. रडत होती. पेशंट आधी, एमआर शेवटी, असा नियम. म्हणून तो कोपऱ्यात बसून एकेकाला पुढे जाऊ देत होता. नंबर आला तेव्हा तिने हाक मारली. उठला नाही. डॉक्टर धावत आले, त्याला जमिनीवर झोपवून छाती दाबत राहिले.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं, लगेच कळलं असतं तर?

ते म्हणाले, "सांगता येत नाही." आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

त्या दिवशीच्या ॲपवर त्याच्या नावापुढे सात कॉल पेंडिंग होते.

तिसऱ्या दिवशी दिंडोशीला त्याच्या घरी गेले. स्मितावहिनींनी मला आत नेऊन विचारलं, "त्या दिवशी रजा मागितली होती का गं त्यांनी?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. काहीच बोलला नाही."

वर्षभर हे वाक्य घेऊन फिरतेय.

आज सकाळी पुन्हा गेले. दारातच सांगितलं. "वहिनी, मागितली होती. मी नको म्हटलं."

वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे. फोन माझ्याकडेच आहे ना त्यांचा."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"घर भरलेलं होतं. तू रडत होतीस. वाटलं, महिनाभरात येऊन सांगशील. वर्ष लावलंस."

मी माफी मागायला लागले. त्यांनी हात वर केला.

"ते आज नको. आज जमणार नाही मला. पण हे लिही. तुमच्या लोकांना वाचू दे. अजून कोणीतरी सकाळी असा मेसेज टाकत असेल."

म्हणून लिहिलं.

नितीनदादा, ॲपवर सात कॉल पेंडिंग दिसले तरी तू कामचुकार नव्हतास. तू रजा मागितली होतीस आणि मी दिली नाही.

तुला मनापासून श्रद्धांजली, दादा.