बॉम्ब शेल्टरमधला बँजो

सिंगापूरच्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये एक खोली अशी असते, जिला खिडकी नसते, भिंती जाडजूड असतात आणि दार लोखंडी असतं. उद्या युद्ध झालंच तर कुटुंबाने आत जाऊन बसावं, अशी सरकारची अपेक्षा. पुंगोलमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये तिथे कणीक, डाळी, लोणच्याच्या बरण्या, भारतवारीच्या बॅगा आणि नवऱ्याचं व्यायामाचं यंत्र, असे सगळे जीव मुठीत धरून राहायचे. व्हॉट्सॲपचे ग्रुप नवे नवे होते त्या काळात मी त्या खोलीत बसून जुन्या अमेरिकन संगीताचा आख्खा अल्बम रेकॉर्ड केला. एकटीने. हे मी कुठेही सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग कीव आल्यासारखे माझ्या नवऱ्याकडे.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आणि घरच्यांच्या मते छंदही. सिंगापूरला येण्याआधी कंपनीने मला अमेरिकेतल्या एका डोंगराळ गावात पाठवलं होतं. तिथे शेजारी सत्तरीच्या एक बाई राहायच्या. संध्याकाळी घरापुढच्या लाकडी ओसरीवर बसून त्या बँजो वाजवायच्या. आपल्या मिरवणुकीतला बटणांचा बँजो नव्हे. हा पाच तारांचा, डफाला लांब मान फुटल्यासारखा. मी नुसतं कौतुक करायला गेले, तर त्यांनी तो माझ्याच मांडीवर ठेवला. शिकवण्याची पद्धत एकच: "बघ." नाही जमलं की, "परत बघ." तरी नाही जमलं की त्या आकाशाकडे बघायच्या. शाळा सुटल्यापासून मला इतकं कुणी रागावलं नव्हतं, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणायचे.

त्यांच्या चाली त्यांच्या वडिलांच्या आणि आत्याच्या, गावात रेडिओ यायच्या आधीच्या. कुठे लिहिलेल्या नाहीत. त्यांतला गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही, मधेच कुठेतरी उभा. मी लहानपणी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या असल्यामुळे मला तो चुकलाय असंच वाटायचं. एकदा मी तो सुधारून वाजवला, तर बाई उठल्या, आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी ओसरीवर बसून राहिले. पुन्हा तसला शहाणपणा मी केला नाही.

पुंगोलला आम्ही स्थिरावल्यावर बाईंच्या भाचीची मेल आली. बाई आता वृद्धांच्या एका संस्थेत होत्या. बोटं चालत नव्हती, ऐकू कमी येत होतं, माणसांची नावं विसरत चालल्या होत्या. "चाली अजून आठवतात," भाचीने लिहिलं होतं, "पण त्याही एकेक करून सुटताहेत. इथे त्या कुणालाच वाजवता येत नाहीत." त्या चाली मला येत होत्या. बाईंच्या डोक्यातून जायच्या आत त्या त्यांच्या कानांवर घालायच्या, एवढ्यासाठी तो अल्बम. बाकी जगाने ऐकला नाही तरी मला चालणार होतं, आणि जगाने माझा शब्द पाळला.

जुन्या पद्धतीने, एकच माइक समोर ठेवून वाजवायचं असं मी ठरवलं. बॉम्ब शेल्टरच्या भिंतींना खिळा मारायला बंदी, म्हणून कपडे वाळत घालायचे बांबू आडवे टाकून त्यांवर गोधड्या सोडल्या. तरी प्रत्येक चालीत काहीतरी किणकिणायचं. तपासाअंती तो साबुदाण्याचा डबा निघाला. तो बाहेर काढला, तर रव्याचा डबा बोलायला लागला. शेवटी सगळा शिधा हॉलमध्ये आला आणि नवरा सोफ्यावर पोह्यांच्या पिशवीला टेकून ऑफिसचे कॉल घ्यायला लागला. दार लावून मी घाम गाळत वाजवायचे. मुलगी इथल्या शाळेत दुसरीत होती. ती लोखंडी दारावर थापा मारून अस्सल सिंगापुरी इंग्रजीत विचारायची, "आई, यू स्टिल अलाइव्ह ऑर नॉट?"

रेकॉर्डिंग झाल्यावर नवऱ्याने हेडफोन लावून ऐकलं. तो डेटाचा माणूस. कुठेही मळ दिसला की त्याचे हात शिवशिवतात.

"मागे सतत सूं असं येतंय," तो म्हणाला.

"येऊ दे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये येतंच."

"अगं, त्यांच्याकडे चांगली मशिनं नव्हती म्हणून. आपल्याकडे आहेत."

"मला तसंच हवंय."

"म्हणजे बग आहे हे तुला माहीत आहे आणि तू तसंच रिलीज करणार? तू?"

टेस्टिंगमधल्या बाईला याहून घाण शिवी नसेल. मी त्याला सीडी तयार करून अमेरिकेला पोस्ट करायला सांगितलं आणि वर बजावलं, कशालाही हात लावू नकोस. इतक्या सहज तो हो म्हणाला, तिथेच मला संशय यायला हवा होता.

महिनाभराने एका रविवारी त्याने ओळखीच्या घरांना मिसळीला बोलावलं. मला वाटलं, नुसती मिसळ. पण चार मराठी माणसं जमली आणि सीडी असली की प्रकाशन होणारच. सीडी चंदेरी कागदात बांधून, लाल रिबीन लावून, ताटात आली. मरीन परेड भागात राहणारे काका सगळ्यांत वडीलधारे, जहाजावर चीफ इंजिनीअर होते, म्हणून प्रमुख पाहुणे. त्यांनी रिबीन सोडली, सीडी छातीशी धरून फोटोसाठी ते बराच वेळ थांबले आणि मग भाषणही केलं. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी असंच संगीत ऐकलं होतं. "नक्की आठवत नाही," ते म्हणाले, "पण असंच काहीतरी वाजत होतं." टाळ्या झाल्या. नवऱ्याने सीडी लावली.

जे वाजलं ते लख्ख होतं. सूं गेलेलं. लय अशी, की तिच्यावर घड्याळ लावावं. आणि गंधार? शुद्ध! सॉफ्टवेअरने प्रत्येक गंधाराचा कान धरून त्याला जागेवर नेऊन बसवलं होतं.

"वा, किती क्लिअर!" एक वहिनी म्हणाल्या. "अगदी रिंगटोनसारखं."

"सरप्राइज!" नवरा माझ्याकडे बघून हसला. "किती शनिवार-रविवार घालवलेत, माहीत आहे?"

"अमेरिकेला कुठली पाठवलीस?" मी विचारलं.

"हीच की. परवाच पोस्ट केली."

माझ्या हातात फरसाणाचा डबा होता. पाहुणे होते म्हणून तो मी नीट खाली ठेवला.

त्यानंतर काही दिवस आमच्या घरात नवरा-बायकोत बोलणं नव्हतं. निरोप मुलगी पोचवायची. "बाबा, आई से युअर डिनर यू हीट युअरसेल्फ ला." मी दुसऱ्याच दिवशी मूळ रेकॉर्डिंगची सीडी कुरिअरने पाठवली, सोबत भाचीला चिठ्ठी की आधीची ऐकवू नका, ती चुकून आली आहे. मला खरंच रडू येत होतं. बाईंनी ती ऐकली तर पुन्हा दार लावून घेतील आणि या वेळी मला समजावायला वेळही मिळायचा नाही, असं वाटत होतं.

एका शनिवारी सकाळी फोन आला. तिकडे अजून शुक्रवारची संध्याकाळ होती. भाचीने बाईंच्या हातात फोन दिला आणि मी इकडे स्पीकर लावला. नवरा पोळीचा घास तसाच धरून थांबला.

"भाची नको म्हणाली, तरी दोन्ही ऐकल्या," बाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता, पण तोरा तोच. "पहिली छान आहे. या मेल्या कानातल्या यंत्रातून सुद्धा सूर न् सूर ऐकू आला. दुसरीत तू काही तळत होतीस का?"

नवऱ्याने घास तोंडात घातला आणि इतक्या शांतपणे चावला, की मला लाटणं शोधावंसं वाटलं.

"पण शेवटची चाल कुठली?" बाईंनी विचारलं. "ती मला माहीत नाही."

शेवटची चाल त्यांच्या आत्याची. मी गाव सोडायच्या आधी त्यांनी ती मला दिली होती आणि ही मी कुणालाच दिलेली नाही असं म्हटलं होतं. मी चिडून नवऱ्याकडे बघितलं. मग लक्षात आलं, त्यांनी तर दोन्ही ऐकल्या होत्या, मूळ गंधाराचीसुद्धा. "थांबा," मी म्हणाले, बँजो घेतला, तारा लावल्या आणि फोनसमोर ती चाल वाजवली, त्यांच्याच गंधारासकट.

"बरी आहे," बाई म्हणाल्या. "पण नाही, मी कधी ऐकलेली नाही."

इतक्या दिवसांनी नवरा उठून माझ्याशेजारी येऊन बसला.

"कुणी शिकवली तुला?" त्यांनी विचारलं.

"शेजारी एक बाई राहायच्या."

"मधलं वळण तू घाईत घेतेस. त्यांनी ते खपवून कसं घेतलं?"

"नव्हतं घेतलं."

"रागावायच्या?"

"रोज."

"मग त्यांना येत असणार," बाई म्हणाल्या. "मला शिकव ती. बोटं नाही चालत माझी, पण गुणगुणता येईल. आणि हे बघ, आता माझ्या पटकन लक्षात राहत नाही. रागावू नकोस."

"नाही रागावणार," मी म्हणाले, आणि पहिल्या सुरापासून, अगदी सावकाश, ती चाल बाईंना शिकवायला घेतली.