मधल्या रिकाम्या ओळी

गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या नाकासमोर धरलं. "सांग, किती वाजले?"

मला घड्याळ कळत नव्हतं. शिकवलं कोणी होतं? मी तिसरीत. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. आमचा बंजाऱ्यांचा तांडा सेनगावच्या बाजूला, गावापासून माळ आणि ओढा ओलांडून लांब. त्या दिवशी तपासणीला साहेब आले होते आणि मी प्रार्थना संपल्यावर पोचले. पाय चिखलानं भरलेले.

गुरुजी साहेबांकडे वळले. "तांड्याचं लेकरू, साहेब. ढोरामागं फिरणारी जात. हिला काय कळते टाइम?"

साहेब हसले. मग वर्ग हसला. तांड्याची पोरंसुद्धा हसली, भीतीनं. मला उन्हात उभं केलं आणि हजेरीत गैरहजर लावलं. डोळ्यांदेखत उभी होते, तरी गैरहजर! घरी याडीला, म्हणजे आईला, सांगितलं. ती म्हणाली, मोठ्यांच्या तोंडी लागू नये. त्या रात्री मला तिचाही राग आला.

पुढं डी.एड. केलं. शिक्षणसेविका म्हणून लागले. शाळा निवडायची वेळ आली तेव्हा मी तीच मागितली. लोक म्हणाले, गावाची ओढ. कसली ओढ! तो माणूस आता तिथं मुख्याध्यापक होता. मला सूड हवा होता. तो कसा घ्यायचा, ते मात्र माहीत नव्हतं.

नियम जुनाच. प्रार्थनेनंतर आला तो उन्हात उभा, वर गैरहजर. सातवीत कविता नावाची पोरगी होती, आमच्याच तांड्याची. सारखी गैरहजर म्हणून तिचं नाव पटावरून काढायचं चाललं होतं. नाव कटलं की लग्न. मुलगा बघून ठेवलेला.

"बाई, मी तर रोज येते," ती म्हणाली. "मंग गैरहजर कशी?"

मी गुरुजींकडे गेले. ते पान चघळत म्हणाले, "तांड्याची पोरं आळशी हायेत, बाई. हे तुमाला म्या सांगावं का?"

जिव्हारी लागलं. पण भांडले नाही. गणिताचा तास घेतला.

प्रशिक्षणात खोड-पान मांडणी शिकले होते. संख्येतला दशकाचा आकडा डावीकडे, ते खोड. एककाचे सुटे आकडे उजवीकडे, ती पानं. मधे उभी रेघ. पोरांना म्हटलं, घरून शाळेत यायला किती मिनिटं लागतात ते मोजून आणा. माझं घड्याळ दिलं. आधी सगळ्यांना घड्याळ वाचायला शिकवलं, कोणालाही न हसता. गावातली पोरं मधल्या सुट्टीत मोजून आली. तांड्याच्या पोरांबरोबर मी स्वतः चालले.

फळ्यावर मांडणी झाली. शून्याच्या ओळीत, म्हणजे दहा मिनिटांच्या आत, दाटी, सगळं गाव तिथं. तीन मिनिटं, पाच मिनिटं, सात. एक, दोन, तीन या ओळी रिकाम्या. खाली चार आणि पाचच्या ओळीत आमचा तांडा. कोणी चव्वेचाळीस, कोणी बावन्न.

गावातल्या एका पोरानं विचारलं, "बाई, रिकाम्या ओळी काहून ठेवल्या? पुसू का?"

"न्हाई. तिथं कोणी न्हाई, हे बी दिसलं पायजे."

तेवढ्यात गुरुजी तपासणीच्या साहेबांना घेऊन आत आले. साहेब नवे होते, हसणं जुनंच. गुरुजींनी फळा बघितला आणि कपाळाला आठी घातली. "एवढा पसारा कशाला? सरासरी काढा." पोरांनी काढली. चोवीस आली.

"बघा साहेब, चोवीस मिनिटं. तेवढं बी चालवत न्हाई यांना."

कविता उठली. "गुरुजी, चोवीस दोनच्या ओळीत येते. तिथं कोणीच राहत न्हाई."

गावातली पोरं हसली. या वेळी गुरुजींना हसली. माझ्या अंगात थंडगार समाधान उतरलं, खोटं कशाला बोलू?

"पुसा ते!" गुरुजी ओरडले.

मी फळ्याला पाठ लावून उभी राहिले. "पुसणार न्हाई. जे लेकरू वर्गात बसलंय त्याला हजर लावणार. कविताचं नाव काटून तर बघा."

साहेब म्हणाले, "बाई, जपून बोला. नोकरी कच्ची आहे तुमची." आणि चहाला निघून गेले. माझ्याविरुद्ध तक्रार गेली. जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला नवं काम दिलं. या वर्षी कोणाला किती वेळा उन्हात उभं केलं, ज्यानं त्यानं आठवून सांगायचं. पोरं सांगू लागली.

गुरुजी दारात आले. आवाज पहिल्यांदाच नरम. "बाई, माझं निवृत्तीला एकच वर्ष राहिलं. काहून मागं लागून राहिल्या?"

केस पिकले होते त्यांचे. मला दया आली नाही. आणायचीही नव्हती.

"वर्ष लई मोठं असतंय, गुरुजी," मी म्हणाले. मग खडू कविताच्या हातात दिला. एकाचाही आकडा गाळायचा नाही. आज सगळे सांगतील, उद्या गावासमोर वाचतील, आणि हा माणूस समोर बसून ऐकेल. तोवर मी या शाळेतून हलणार नाही.